कलत्या टोपीच्या निवाड्याची बखर

श्री. उन्हास तेज देणारा आणि काडास पोकळी देणारा जो एकच धनी, त्यास दंडवत घालून लिहिण्यास आरंभ केला. ऐकिले तैसे लिहिले, जुन्या बायकांनी सांगितले तैसे लिहिले, आणि मध्ये कोठे पदरचे घातले असेल तर ते मायेने घातले, कपटाने नाही. शके सोळाशे वीस, बहुधान्य नाम संवत्सर, चैत्र वद्य पंचमी, ते दिवशी महाराजांची स्वारी हत्तीखान्यात गेली आणि राज्यास टोपीची विपत्ती प्राप्त जाहली. तो मजकूर येणेप्रमाणे.

ते राज्य कोणते, हे विचारू नये. माळाचे राज्य होते, झाड थोडे आणि ऊन बहुत, म्हणून तेथे शिरस्ता ऐसा की होळीपासून मृग निघेपर्यंत महाराजांपासून मेंढक्यापर्यंत सर्वांनी काडाची टोपी घालावी. पागोटे दरबारात आणि टोपी उन्हात. आणि टोपी म्हणजे वेढेगावची. त्या गावच्या बायका गहू कापला की शेवटच्या पेरापासून ओंबीपर्यंतचे काड तेवढे निवडून घेत, कारण तेवढेच लांब आणि बिनगाठीचे, आणि सकाळी पाण्यात भिजवून मऊ करीत, मग पाच काडांची चपटी वेणी घालीत, आणि आंब्याच्या लाकडाचा डोक्याएवढा साचा मांडीवर घेऊन त्यावर ती वेणी मधल्या टिकलीपासून फेऱ्या-फेऱ्याने सुईदोऱ्याने टाचीत काठापर्यंत आणीत. आणि त्या गावची रीत ऐसी की साचा फिरवायचा नाही. साचा जेथे टेकला तेथे टेकला, त्याच्या भोवती हात फिरवायचा. सासूने सुनेस शिकवले, सुनेने पुढे शिकवले, का म्हणून कोणी विचारले नाही. ऐशा टोपीत पाणी ओतले तर शंभर मोजेपर्यंत थेंब गळत नसे, आणि डोक्यावर घातली तर भर वैशाखात कपाळ गार राही.

त्या साली बंदरावरचा लखमशेट म्हणून टोप्यांचा व्यापारी, वेढेगावचा माल शहरात आणणारा, त्याने महाराजांस एक टोपी नजर केली. महाराज ती घालून हत्तीखान्यात गेले आणि थोरला हत्ती अंघोळ करीत होता त्याचे जवळ कौतुकाने उभे राहिले, आणि हत्तीने सोंड भरून आपल्या पाठीवर टाकायचे पाणी चुकून किंवा मनात आणून महाराजांवर टाकले. तेव्हा टोपी मस्तकावरच विरघळली. काठ गळून खांद्यावर आला, मग मधली टिकली नाकावर आली, आणि हळदीचा पिवळा ओघळ मिशांतून वाहत अंगरख्यावर उतरला. माहुताने आभाळाकडे पाहिले. सरदारांनी जमिनीकडे पाहिले. परंतु सज्ज्यात राणीसाहेब होत्या, त्यांस हसू आवरले नाही, आणि त्यामुळे महाराज दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसरे दिवशी लखमशेटास बोलावणे गेले. तो हात जोडून म्हणाला, "महाराज, मी आणणारा. वेणी घालणाऱ्या त्या बायका. त्यांनी मला काड म्हणून कागद विकला, मी काय वेढेगावात जाऊन काड चावून बघू?" आणि कागदाच्या खोट्या टोप्या तोच बंदरावर दाबयंत्रात काढवीत होता, कागद पिळून, हळदीत रंगवून, खळ लावून, ही गोष्ट तेव्हा कोणास ठाऊक नव्हती. मग महाराजांनी हुकूम केला की राज्यातली टोपी न टोपी पारखावी, खरी तेवढी ठेवावी, खोटी जाळावी, आणि ज्याच्या हातची खोटी निघेल त्याचा साचा जप्त करून चुलीत घालावा आणि त्याने पुन्हा काडास हात लावू नये.

आता पारखावे कोणी, याची मसलत जाहली. दरबारात पारखी एकच, भानजीपंत. ते मोत्यांचे पारखी. वीस वर्षे त्यांनी मोती पारखले, डोळे मिटून दोन बोटांत फिरवून सांगत की हा खरा, हा भरीव, हा जोडलेला. थोर माणूस, खोटे कधी बोलला नाही, परंतु काड त्यांनी फक्त दात कोरण्यापुरते हाती धरले होते. त्यांस टोप्यांचेही काम सांगितले आणि त्यांनी ते मनापासून केले. त्यांनी तीन कसोट्या लिहून काढल्या: एक वजन, एक थंड पाणी, आणि तिसरी दोरी. म्हणजे टोपीच्या टिकलीवर दोरी धरून काठापर्यंत चहूकडे मोजायची, आणि जवाच्या दाण्याच्या पाव भागाइतकाही फरक आला तर टोपी खोटी. कारकुनाने विचारले, "पंत, ही तिसरी कशासाठी?" तेव्हा पंत म्हणाले, "अरे, मोती जितका वाटोळा तितका अस्सल. वाटोळेपणा चोरता येत नाही." आणि ते कारकुनास पटले, आणि महाराजांस पटले, आणि शिक्का जाहला. लखमशेटाने ही बातमी लागताच आपल्या कागदी टोप्यांस आतून मेण दिले, म्हणजे थंड पाण्याची भीती गेली. आणि दाबयंत्रातून निघालेला माल तो, दोरीस एक केसाचा फरक नाही.

वेढेगावात चिमाबाई म्हणून बावीस वर्षांची बाई होती. नवरा जोत्याजी दूरच्या किल्ल्यावर नाकेबंदीस होता, तो आषाढात येणार. घरी ती, तिची थोरली जाऊ सुंदराबाई, आणि ठकू. ठकू आश्विनात जन्मली. बहुत गुणी मूल, एवढाच तिचा एक नियम की अंग जमिनीस लागता कामा नये. पाळण्यात ठेवली की रडे, गोधडीवर ठेवली की रडे, आणि आईच्या डाव्या मांडीवर ठेवली की एक हुंदका देऊन गप्प होई, कान आईच्या पोटाला लावी, आणि वेणीतले एखादे काड मुठीत धरून झोपी जाई. ते काड सोडवून घेतले तर जागी होई, म्हणून चिमाबाई ते तिच्या मुठीत तसेच राहू देई आणि दुसरे घेई. पोर झोपली की हात चालू, पोर उठली की हात थांबला. भात उकळेपर्यंत दोन फेरे, दूध तापेपर्यंत एक. ऐसे करता करता मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत तिने साठ टोप्या पुऱ्या केल्या. जोत्याजी नसता घर तिच्या हातावर उभे होते, आणि हात त्या साच्यावर. साठ टोप्या पारखण्यास कोठीवर गेल्या. वजन बरोबर, पाणी बरोबर, दोरीस साठच्या साठ नापास. उजवी बाजू आखूड, डावी लांब. लखमशेटाचा माल तीनशे नगांचा, त्यात एक नापास नाही.

वैशाख शुद्ध द्वितीयेस सरकारी कारकून वेढेगावात आला आणि चिमाबाईच्या दारात उभा राहून त्याने हुकूम वाचला की आठ दिवसांनी टोप्या जाळून साचा नेण्यात येईल. सुंदराबाई परसातून हात पुसत आली आणि म्हणाली, "काय झाले म्हणता टोपीला?" कारकून म्हणाला, "वाकडी आहे." सुंदराबाई म्हणाली, "तुमची पगडी बघा आधी, एक कान झाकलाय, एक उघडा. मग तुम्ही पण खोटे का?" कारकुनाने पगडी सरळ केली आणि म्हणाला, "बाई, मी वाचणारा. मला काय विचारता." तो गेला.  चिमाबाईने साच्यावरची, काठ तेवढा राहिलेली टोपी घेतली, सुतळी घेतली, टिकलीवर अंगठा दाबून उजवीकडे मोजले, मग डावीकडे मोजले, आणि पुन्हा मोजले, आणि तिचे तोंड उतरले. ती म्हणाली, "जाऊबाई, खरेच दोन जवांनी कलली आहे." सुंदराबाई म्हणाली, "म्हणजे पंत शहाणे निघाले की काय." मग साचा तपासला, तो नीट, सुई तपासली, दोरा तपासला, डोळ्यांत काही गेले का म्हणून सुंदराबाईने तिचे डोळेही ताणून पाहिले. काही सापडले नाही. तेवढ्यात ठकू उठली आणि तिने आपला नियम बोलून दाखवला, म्हणून चिमाबाई तिला मांडीवर घेऊन, हाताला चाळा म्हणून साचा ओढून वेणी टाचू लागली, आणि सुंदराबाई दारात उभी राहून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "चिमे, तुला एक सांगू? टोपी नाही कलत. तूच कलतेस. पोर डाव्या मांडीवर, म्हणून साचा उजव्या गुडघ्यावर ढकललेला, आणि तो तिरका बसलाय. साचा आपण फिरवीत नाही, मग फेरे तिकडेच दाटणार." चिमाबाईने खाली पाहिले तर तसेच होते.

आता सुंदराबाईने तोड काढली. ती म्हणाली, "सोपे आहे. पोर माझ्याकडे दे. रडेल, घसा बसेल, गप्प होईल. तू नव्या सरळ टोप्या कर आणि नेऊन दाखव, म्हणावे बघा, माझा हात खरा." चिमाबाई म्हणाली, "आणि त्या साठ?" जाऊ म्हणाली, "त्या जातील." चिमाबाईने सुई वेणीत टोचून ठेवली आणि म्हणाली, "जाऊबाई, त्या खोट्या असत्या तर मीच चूल पेटवली असती. एक एक काड मी निवडलेले आहे. आज सरळ करून दिली तर मीच कबूल केले असे होईल की आधीच्या खोट्या होत्या. मी शहरास जाते." सुंदराबाई म्हणाली, "अगं, राजापुढे काय बोलशील? तुला गावच्या पाटलापुढे तोंड उघडत नाही." ती म्हणाली, "बोलणार नाही. करून दाखवीन." तेव्हा जावेने कपाळास हात लावला, आणि मग भाकरी बांधल्या, आणि मीही येते म्हणाली, कारण हिला पाठवली तर ही वाटेत कोणास रस्ता सुद्धा विचारणार नाही. मग डोईवर साचा, कडेवर ठकू, गाठोड्यात भिजवायचे फडके, ऐशा त्या दोघी निघाल्या आणि दोन दिवस चालून शहरास पावल्या.

वैशाख शुद्ध षष्ठीस दरबार भरला. महाराज मसनदीवर, राणीसाहेब चिकाच्या पडद्याआड, भानजीपंत दोरी घेऊन, आणि लखमशेट आपली एक टोपी हाती धरून, कारण तक्रार आली म्हणताच तोही धावून आला होता. चिमाबाईने दंडवत घातला आणि म्हणाली, "माझ्या साठ टोप्या खऱ्या आहेत. मला त्यातली एक द्या आणि शेटजींस त्यांची एक असू द्या, आणि दोघांनी आपापली उसवावी." दरबारात कुजबूज जाहली. पंत म्हणाले, "बाई, मोती फोडून परीक्षा करीत नाहीत." ती म्हणाली, "पंत, मोती शिंपल्यात होतो. टोपी माणसाच्या हाताने होते. जे हाताने घातले ते हाताने उसवता येते." लखमशेट हसून म्हणाला, "महाराज, उसवल्यावर टोपी राहते कोठे? ही बाई पुरावाच नाहीसा करायला निघाली." महाराजांस हत्तीपासून टोपीच्या आतले काय ते पाहण्याची इच्छा होतीच. त्यांनी फर्मावले, उसवा.

मग चिमाबाईने ओले फडके टोपीभोवती गुंडाळले आणि एक घटका थांबली, कारण कोरडे काड ओढले तर तडकते. एक घटका दरबारात कोणी काही केले नाही, नुसते फडक्याकडे पाहत बसले. ठकूने मात्र खासगीच्या कारभाऱ्याचा झगा ओढून पाहिला. मग चिमाबाईने काठाखाली बोट घालून दोऱ्याची गाठ शोधली, ती सोडवली, आणि टोपी उलगडू लागली. काठ गेला, भिंत गेली, माथा गेला, आणि सोन्यासारखी पिवळी वेणी मसनदीच्या पायरीपासून दरवाजापर्यंत जमिनीवर लांबच लांब पडली, अखंड, एक काड मोडले नाही. तिकडे लखमशेट आपली टोपी फिरवीत होता. त्याने काठ पाहिला, टिकली पाहिली, पुन्हा काठ पाहिला. तिला शेवट नव्हता कारण तिला आरंभच नव्हता. राणीसाहेब पडद्याआडून म्हणाल्या, "शेटजी, गाठ सापडत नाही का?" तो म्हणाला, "जरा घट्ट आहे." आणि त्याने चाकू मागवून खुपसला, तेव्हा मेणाची पापुद्री सुटून टोपी पोळीसारखी दुभंगली आणि आतून हाती लिहिलेली, पिळून चपटी केलेली जुन्या पंचांगाची पाने निघाली. महाराजांनी एक पान उचलून उलगडले आणि मोठ्याने वाचले, "आज प्रवास वर्ज्य." मग उलटून पाहिले आणि म्हणाले, "हे चार वर्षांपूर्वीचे आहे." लखमशेटाचा निवाडा तेथेच जाहला: त्याचे दाबयंत्र मोडावे, आणि मृग निघेपर्यंत त्याने थोरल्या हत्तीच्या अंघोळीस स्वतःच्या टोपीनिशी रोज हजर राहावे.

सुंदराबाईने सुटकेचा श्वास टाकला आणि गाठोडे आवरू लागली. परंतु भानजीपंत सरळ मनाचे असल्यामुळे उठून म्हणाले, "महाराज, शेटजींची खोटी निघाली, म्हणून हिची खरी होत नाही. कलती ती कलतीच. हुकूम शिक्क्याचा आहे आणि दोरी माझी नाही, राज्याची आहे." महाराज विचारात पडले, कारण शिक्का त्यांचाच. मग म्हणाले, "बाई, काड खरे आहे हे पाहिले. हात खरा आहे हेही दाखव. हीच वेणी घे आणि येथे बसून सरळ टोपी करून दे. सरळ झाली की सगळे संपले, साचा तुझा तुला." राणीसाहेबांची दासी पुढे झाली आणि ठकूस घेण्यास हात पसरले. सुंदराबाई चिमाबाईच्या कानाशी लागून म्हणाली, "दे, दे. दोन प्रहरांचा प्रश्न आहे. सरळ कर आणि घरी चल." चिमाबाईने दासीकडे पाहिले, ठकूकडे पाहिले, आणि पोर घट्ट धरून म्हणाली, "नको. पोर माझ्यापाशी राहील." महाराज म्हणाले, "पोरीस काही होत नाही येथे." ती म्हणाली, "तिच्यासाठी नाही म्हणत, महाराज. हिला खाली ठेवली तर टोपी सरळ होईल. मला सरळ येते. पण त्या साठ टोप्या हिला मांडीवर घेऊन केल्या, आणि त्या जाळायच्या राहिल्याच आहेत. एकसष्टावी मी तशीच करीन, तेव्हाच त्या कशा झाल्या हे दिसेल." महाराज म्हणाले, "आणि कलती आली तर? साचा जाईल." ती म्हणाली, "कलती येणारच." जावेने डोळे मिटून घेतले.

मग चिमाबाई दरबाराच्या फरशीवर मांडी घालून बसली, ठकू डाव्या मांडीवर, साचा उजव्या गुडघ्याशी, शेजारी पाण्याचे भांडे, आणि वेणी भिजवून टिकलीपासून टाचू लागली. सरदार आधी उभे होते, मग बसले, मग त्यांच्यातले दोघे झोपले. चौथ्या फेऱ्यास ठकूस भूक लागली, तेव्हा राणीसाहेबांनी कनात लावविली आणि आपण स्वतः पडद्यातून उतरून कनातीत येऊन बसल्या. त्यांचेही धाकटे राजपुत्र नुकते चालू लागले होते. त्या जवळून पाहत राहिल्या. पोर ओढून पिई तैशी मांडी हाले, मांडी हाले तैसा साचा उजवीकडे सरके, आणि सुई मात्र थांबत नसे. दूध संपले, पोर झोपली, अंग सैल पडून जड झाले, तैसा साचा आणखी तिरका झाला, आणि फेरे त्या बाजूस दाट बसत गेले. राणीसाहेब कनातीबाहेर येऊन म्हणाल्या, "पंत, दोरी मागून धरा. आधी इकडे या आणि खाली बसा." पंत म्हणाले, "मी पारखी, फरशीवर कसा बसू?" त्या म्हणाल्या, "उपरणे घाला खाली." तेव्हा पंत उपरणे घालून बसले, पाय अवघडले म्हणून एकदा इकडे एकदा तिकडे झाले, आणि पाहू लागले. वीस वर्षे मोत्यांवर रोखलेली नजर ती, तिने दोन फेऱ्यांत सगळे टिपले.  दिवस कलता कलता टोपी पुरी झाली, आणि पंतांनी दोरी लावली. उजवीकडे अडीच जव कमी.

तेव्हा पंतांनी कोठीतून उरलेल्या एकोणसाठ टोप्या मागविल्या आणि प्रत्येकीस दोरी लावली, आणि मोती जैसे लहानापासून थोरापर्यंत ओवतात, तैशा कमी कलापासून जास्त कलापर्यंत त्या दरबारात ओळीने मांडल्या. पहिली पाव जवाने कलती. मग अर्ध्या. मग एक, मग दीड, ऐसे होत शेवटच्या दोन जवांच्या. पंत ओळीच्या टोकाशी उभे राहून म्हणाले, "बाई, ही पहिली केव्हाची?" चिमाबाई म्हणाली, "मार्गशीर्षातली. टिकलीखाली दोऱ्याची गाठ आहे, दर महिन्यास एक वाढते. तेव्हा ही दोन महिन्यांची होती, पिसासारखी. मांडीवर आहे की नाही कळत नसे." पंत ओळीच्या मध्यावर आले आणि त्यांनी एक टोपी उचलली; गाठी तिच्या तीन, म्हणजे माघातली, जागा मात्र पौषातल्या टोप्यांत लागली होती. ते म्हणाले, "सगळ्या चढत गेल्या आणि ही एक उतरली. ही कशी?" चिमाबाईने ती हाती घेतली आणि फिरवून पाहिली. मग म्हणाली, "तेव्हा तिला ताप होता. अकरा दिवस दूध घेत नव्हती. हलकी झाली होती फार." आणि ती टोपीचा काठ चाचपू लागली, तेव्हा सुंदराबाई म्हणाली, "त्या दिवसांत ही झोपली नाही, जेवली नाही. मी म्हटले, काड ठेव बाजूला. तर म्हणाली, हात थांबला की भलते मनात येते." पंतांनी ती टोपी दोन्ही हातांनी परत जागेवर ठेविली. मग महाराजांकडे वळून म्हणाले, "वीस वर्षे पारख केली, पण माल पाहिला, तो होताना पाहिला नाही. साठही खऱ्या. दोरी चुकली, म्हणजे मी चुकलो." महाराज मसनदीवरून उतरले आणि टोप्यांच्या ओळीकडेने पहिलीपासून शेवटपर्यंत हळूहळू चालत गेले, आणि हुकूम केला की एकही जाळू नये, आणि साचा चिमाबाईच्या हाती स्वतः दिला.

येथे बखर संपावी, परंतु संपली नाही. कारण भानजीपंतांस उपरती जाहली आणि त्यांनी लागलीच बोरू मागितला आणि कसोटी दुरुस्त करून लिहू लागले की खरी टोपी उजवीकडे पाव जवापासून अडीच जवांपर्यंत कलती असावी, सरळ आढळल्यास खोटी समजावी. लखमशेट चौकीदारांच्या मध्ये उभा होता, तोही ऐकता ऐकता डोक्यावरच्या टोपीस कोपराने उजवीकडे दाबू लागला. चिमाबाई साचा उचलून निघाली होती, ती दारातून परत फिरली. तिने दरबारात आतापर्यंत एवढ्या मोठ्याने शब्द काढला नव्हता. ती म्हणाली, "पंत, हे लिहू नका." पंत म्हणाले, "का बाई? तुमच्याच बाजूचे लिहितो आहे." ती म्हणाली, "ही पोर वर्षभरात मांडीवरून उतरेल. अंगणात पळेल, हाक मारली तरी यायची नाही. मग माझ्या टोप्या सरळ येतील. तेव्हा तुमचा कारकून येईल आणि म्हणेल, सरळ आहे, खोटी आहे. मी तेव्हा काय करू? दाखवायला मांडीवर कोणाला घेऊ?"  पंतांचा बोरू वर राहिला. महाराज म्हणाले, "मग लिहावे काय? काही तरी लिहिलेच पाहिजे, नाही तर उद्या दुसरा लखमशेट येईल." ती म्हणाली, "एवढे लिहा की शंका आली तर उसवून बघा. जी उसवून पुन्हा उभी करता येते ती खरी. आणि जो पारखायला बसेल त्याने आधी गावात येऊन एक टोपी स्वतः टाचावी. वाकडी आली तरी चालेल." राणीसाहेब पडद्याआडून म्हणाल्या, "पंत, ज्येष्ठात ऊन बरे असते, तेव्हा जाऊन या." आणि तैसेच लिहिले गेले आणि त्यावर शिक्का जाहला.

भानजीपंत ज्येष्ठात वेढेगावी गेले, सुंदराबाईने त्यांस काड भिजवण्यापासून शिकविले, आणि सात दिवसांत चार वेळा त्यांच्या बोटास सुई लागली, आणि जी टोपी जाहली तीत पाणी ओतले तर आतल्यापेक्षा बाहेर अधिक दिसे. सुंदराबाई म्हणाली, "पंत, खरी आहे हो, अगदी खरी, फक्त टोपी नाही." पंत हसले आणि ती घेऊन गेले आणि दरबारात तीच घालून बसू लागले. आषाढात जोत्याजी घरी आला, आणि त्यास पाहून ठकू रडली, मग तीन दिवसांनी त्याच्या मिशा ओढू लागली. कार्तिकात ती भिंत धरून उभी राहिली. माघात अंगणात चालली, पडली, आणि उठवायला गेले तर हात झटकून आपली आपण उठली. त्याच महिन्यात एके सकाळी चिमाबाईने टोपी पुरी केली, सवयीने सुतळी लावली, आणि उजवीकडे डावीकडे सारखेच भरले. तिने पुन्हा मोजले. सुंदराबाई चुलीपासून म्हणाली, "आली का सरळ?" ती म्हणाली, "आली." आणि डाव्या मांडीवर काडाचा एक तुकडा पडला होता तो झटकावा की नाही ऐसे तिला झाले, आणि तिने तो तेथेच राहू दिला, आणि नवी वेणी भिजत घातली.

येणेप्रमाणे बहुधान्य संवत्सरी साठ टोप्या खऱ्या ठरल्या, एकसष्टावी दरबारात जाहली, साचा शाबूत राहिला, राज्याची दोरी कोठीत जमा जाहली, आणि ठकूबाई आपल्या पायांनी चालू लागली. घडले इतके, लिहिले तितके. वाचणाराच्या घरी पोरेबाळे सुखी असोत.